घरात केस काढायची नाही

— नाही गं, तो फोन तसाच राहू दे टेबलावर, रेकॉर्डिंग चालू असू दे, मला त्याचा काही त्रास नाही. फक्त जरा लांब बस — तिकडे, खिडकीपाशी — सुनेनं बजावून सांगितलंय, दीड मीटर. एका दिवसाला घरात एकच पाहुणा, असा इथला नियम आहे सध्या, आणि आजचा पाहुणा तू. एनस्खेडेहून इथं नीउ-व्हेनेपला, हॉलंडच्या ह्या टोकापासून त्या टोकाला, म्हणजे अडीच तास झाले असतील गाडीत — मास्क लावून अडीच तास! — आणि कशासाठी, तर साहेबांबद्दल चार ओळी हव्यात म्हणून. तर मी काय म्हणत होते — हं, तुमची पुस्तिका. चौदा एप्रिलला तुम्ही मुलं ऑनलाइन जयंती करणार, चांगलं आहे, आणि त्या पुस्तिकेत 'समाजाचे अभिमान' असं एक पान, आणि त्या पानावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश राजानंद जोंधळे, फोटोसकट. तुझा मेल धम्मपालनं वाचून दाखवला तेव्हा मला हसू आलं बघ. नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेत आणि बाई हसतेय — माझा मुलगा बघतच राहिला माझ्याकडे. अगं, पण हसू नको तर काय? ह्याच समाजानं वीस वर्षं आमच्या घराची पायरी चढली नाही. माझा सख्खा भाऊ, शिरीष, त्यानं मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली नाही मला. आणि आता अभिमान. माणूस मेला की किती सोयीचा होतो, नाही? आता तो काही बोलत नाही, निकाल देत नाही — लावा फोटो.

तुला शिवांगी म्हटलेलं चालेल ना? मग लिही, शिवांगी. साहेबांचा जन्म एकोणीसशे एक्कावन्न. वडील तालुक्याच्या कोर्टात माळी. म्हणजे कागदावर माळी — झाडलोट, आवारातल्या झाडांना पाणी, उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे असायचे ते भिजवायचे. पडद्यांवर त्यांनी पाणी मारलेलं चालायचं, पण जज्जसाहेबांचा पिण्याच्या पाण्याचा माठ भरायला दुसरा माणूस होता. कळलं ना? — हां. साहेब शाळा सुटली की तिथं बापाजवळ बसायचे, दारातून आत बघायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा मला म्हणाले, मला त्या खुर्चीचं काही नव्हतं गं, मला नवल ह्याचं वाटायचं, की आत कुणीही किती ओरडलं तरी तो खुर्चीतला माणूस ओरडत नाही. तेवढंच उचललं त्यांनी. उभ्या जन्मात आवाज चढवला नाही. माझ्यावर नाही, मुलावर नाही, पट्टेवाल्यावर नाही. मला कधी कधी वाटायचं, एकदा ओरडा हो! एकदा ताट भिरकावून द्या. म्हणजे मलाही ओरडता येईल. नाही. पुढं औरंगाबादला वसतिगृहात राहून वकिली शिकले, अठ्ठ्याहत्तर साली परीक्षा देऊन न्यायाधीश झाले — आमच्या तालुक्यातले आपल्यातले पहिले — आणि त्या दिवसापासून मीही त्यांना साहेबच म्हणायला लागले. आधी अहो म्हणत होते. ते कधी सुटलं, मला कळलंसुद्धा नाही.

अकरा बदल्या. मी बी.ए., बी.एड. आहे, सांगितलं का तुला? लग्नाआधी चार वर्षं शाळेत शिकवलंय मी, सातवीला इतिहास. पहिल्या बदलीला रजा घेतली, दुसरीला बिनपगारी, तिसरीला राजीनामा — ते तुमच्या पुस्तिकेत नसतं, ते असू दे. पण न्यायाधीशाच्या बायकोला शेजार नसतो, हे मात्र तू लिही. एकदा शेजारच्या बाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी पाठवली. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, कुठून आली. सांगितलं. म्हणाले, त्यांच्या मेहुण्याचा दावा आहे माझ्यापुढं, परत पाठव. मी स्वतः गेले बरणी परत करायला. त्या बाईंचा चेहरा — जाऊ दे. लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही, कुणाच्या गाडीत बसायचं नाही. आणि विहारात तर नाहीच. चौदा एप्रिलला बाहेर मिरवणूक जायची, ढोल वाजायचे, धम्मपाल खिडकीशी जायला लागला की त्याला आत ओढायचं — आणि मागच्या खोलीत पडदे ओढून घेऊन, बाबासाहेबांच्या फोटोपुढं एक मेणबत्ती. पडदे ओढून! चोरी केल्यासारखी जयंती. का, तर उद्या कुणी म्हणू नये, हे न्यायाधीश त्यांच्यातले. अगं, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं आपण कोण. पडद्यानं काय झाकतं? आणि घरात एक नियम — तो पहिल्या पोस्टिंगपासून — घरात केस काढायची नाही. पेपरात आलेली असली तरी नाही, गल्लीत बोंब चाललेली असली तरी नाही. मी एखादं नाव जरी काढलं तरी हात असा वर करायचे. बस्. तेवढंच. तो हात बघितला की माझं तोंड बंद व्हायचं, वीस-वीस वर्षांची सवय.

तू ती केस विचारणार होतीस ना? विचारणारच होतीस, मला दिसतंय ना, मघापासून चहाचा कप नुसता हातात धरून बसलीयस. तुझ्या मंडळातल्या कुणीतरी सांगितलं असणार, ते तेवढं टाळ म्हणून. मग आपणच काढू. सत्त्याण्णव साली ते जिल्हा आणि सत्र न्यायाधीश झाले, मराठवाड्यातच, जिल्ह्याचं नाव नको लिहूस. त्या जिल्ह्यातल्या एका गावात राखीव जागेवर सरपंच झाली केसरबाई नावाची बाई, आपल्यातली. पंधरा ऑगस्टला झेंडा तिनं चढवायचा. गावातल्या बड्यांनी निरोप पाठवला, तू आजारी पड. ती नाही पडली आजारी. इस्त्रीचं लुगडं नेसून शाळेच्या मैदानावर गेली आणि झेंडा चढवला. दुपारी पाच जणांनी तिला भर चौकात मारलं. तिचा दीर मध्ये पडला, अरुण, चोवीस वर्षांचा, त्याच्या डोक्यात पहार बसली. तो तिसऱ्या दिवशी गेला. खुनाची केस, शिवाय अॅट्रॉसिटी — आणि ती आली साहेबांपुढं. झालं! आरोपींच्या वकिलानं पहिल्या तारखेलाच अर्ज टाकला वर, की हे न्यायाधीश फिर्यादीच्या जातीचे, आम्हाला न्याय मिळणार नाही, केस दुसरीकडं द्या. तो अर्ज फेटाळला गेला म्हणा. पण त्या दिवशी साहेब घरी आले ते जेवलेच नाहीत. हात धुतले, ताटावर बसले, आणि वरणभात तसाच. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी तोंडावर तसं म्हटलं नव्हतं, आणि आता कागदावर टाइप करून म्हटलं होतं. मी ओळखलं तेव्हाच. मी मनात म्हटलं, आता हा माणूस त्या पाच जणांना बापाच्या मायेनं वागवणार. सरळ उभं राहायच्या नादात माणूस मागं कलतो ना, तसा.

साक्षी किती, तर दोन. एक ती केसरबाई. पण तिच्या फिर्यादीला दोन दिवस उशीर — अगं, उशीर का, तर दीर मरायला टेकलेला, ती दवाखान्यात! — आणि ती मयताची भावजय, तिचा त्यात हितसंबंध. आणि दुसरा मधू. शाळेतला शिपाई. तो त्यांच्याच जातीतला, आरोपींच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आणि पोलिसांना खरं सांगितलेलं. सगळी केस त्या मधूच्या पाठीवर. आणि मधू पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, मी काही पाहिलं नाही, मी घंटा वाजवत होतो. फितूर! सरकारी वकिलानं दोन-चार प्रश्न विचारल्यासारखे केले आणि खाली बसला. मग काय राहिलं? पाचही जण निर्दोष. संशयाचा फायदा. साहेबांनी एकशे अठरा पानी निकाल लिहिला, प्रत्येक ओळीला आधार दिलेला, वकील मंडळी म्हणायची, अभ्यासाला लावावा असा निकाल आहे. केसरबाई — मी नव्हते कोर्टात, मला स्टेनोच्या बायकोकडून कळलं — केसरबाई शेवटपर्यंत उभी होती म्हणे. बसा म्हणाले तरी बसली नाही. आणि निकाल झाल्यावर तिनं शिपायाला विचारलं, झालं का? म्हणजे तिला कळलंच नव्हतं. इंग्रजीत होता ना तो.

हो, आली होती ती. बंगल्यावर. तुला कुणी सांगितलं? — नाही, तू विचारलं नाहीस, मीच बोलले. आली होती एकदा, निकालाच्या आधी, दुपारची, फाटकातून आत. मी दार लावून घेतलं. नियम होता. पुढं लिही.

पुढं काय, आमच्या दारावर काळं फासलं. निवडुंगाचा हार आणून अडकवला फाटकाला — आपल्याच पोरांनी. पोलिसांनी बंदोबस्त देऊ केला, साहेब म्हणाले नको. जातीत वाळीत टाकणं म्हणजे काय ते आपण पुस्तकात वाचतो ना, मी ते आपल्याच लोकांकडून बघितलं. शिरीष फोनवर म्हणाला, ताई, तुझ्या नवऱ्यानं त्या खुर्चीसाठी आपली माणसं विकली. आणि ती खुर्ची तरी मिळाली का? दोन हजार तीन साली वरच्या कोर्टात घ्यायच्या नावांची चर्चा सुरू झाली तेव्हा सगळे म्हणत होते, जोंधळेसाहेब नक्की. मी — आता सांगायला काय जातंय — मी पांढरी साडी आणून ठेवली होती, बारीक जरीची, शपथविधीला नेसायची म्हणून. नाव आलं नाही. त्यांच्या मागचे दोघे गेले पुढं. कुणीतरी कानावर घातलं, की वरच्यांचं मत असं, जोंधळे प्रामाणिक आहेत पण फार सावध आहेत, निकालात धाडस नाही. धाडस नाही! अगं, मग धाडस दाखवलं असतं तर म्हणाले असते, जातीला धरून वागले. तिकडून मार, इकडून मार. साहेबांनी ते ऐकलं, चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवशी पावणेअकराला कोर्टात. अकरा साली साठ पूर्ण झाली आणि निवृत्त झाले, निरोप समारंभात सात जणांनी भाषणं केली आणि सातही जण न्यायनिष्ठ म्हणाले. तू पण तोच शब्द घालणार असशील. घाल.

इथं आलो ते दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत. नात झाली होती, मैत्रेयी, तिला बघायला, तीन महिन्यांसाठी. परतीचं तिकीट मे महिन्याचं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. इथून विमानतळ जवळ, एरवी म्हणे डोक्यावरून सारखी विमानं जातात, आम्ही मात्र रिकामं आभाळच बघितलं वर्षभर. धम्मपालचं ऑफिस रॉटरडॅमला, ते आलं घरात, जेवणाच्या टेबलावर. सून, शर्वरी, माडीवर लॅपटॉप घेऊन. आणि आम्ही दोघं ह्या एवढ्या खोलीत. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही सलग इतके तास एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो, शिवांगी. बोलायला काही नव्हतं. आमच्याकडं बोलायचं म्हणजे केस, आणि केस काढायची नाही. ते सकाळी दहा ते अकरा त्या कालव्याच्या कडेनं चालायचे, शर्टाची वरची गुंडी लावून, आल्यावर इथल्या सरकारनं काय नियम बदलले ते धम्मपालकडून समजून घ्यायचे आणि आम्हा सगळ्यांना पाळायला लावायचे. दुकानात कुणी दीड मीटरच्या आत आलं तर हात असा वर करायचे. तोच हात. गोऱ्या बायका सायकलवरून हसून जायच्या, त्यांना वाटायचं आजोबा हात करतायत.

मग ऑक्टोबरात, धम्मचक्र दिनाला, तुमच्याच मंडळानं त्यांना झूमवर बोलावलं. तू होतीस का त्या मीटिंगला? नव्हतीस. बरं झालं. किती तयारी केली त्यांनी! टाय लावला, मागं पुस्तकं दिसावीत म्हणून खुर्ची फिरवली. तासभर छान बोलले, राज्यघटनेवर. बहिष्कार उठल्यासारखं वाटलं त्यांना — गाल लाल झाले होते. आणि शेवटी एका तरुण माणसानं प्रश्न विचारला, अगदी शांतपणे, सर, अठ्ठ्याण्णवच्या त्या निकालाचा तुम्हाला आज पश्चात्ताप होतो का? मी इथं, ह्याच खुर्चीत, कॅमेऱ्याच्या बाहेर. आणि साहेब म्हणाले — मला शब्द पाठ आहेत — म्हणाले, न्यायाधीशासमोर जे येतं त्यावर तो निकाल देतो. समोर काही आलं आणि मी डोळे मिटले, असं माझ्या आयुष्यात एकदाही झालेलं नाही. मी शांत झोपतो. त्या मुलानं थँक यू सर म्हटलं. आणि साहेब खरंच शांत झोपले त्या दिवशी. मी बघत होते ना. तोंड जरासं उघडं, हात छातीवर. मी बघत होते आणि मला असा राग आला — असा राग, की उशी ओढून घ्यावी.

कारण मघाशी मी तुला म्हटलं, दार लावून घेतलं. ते खोटं नाही. पण ऐकून घेऊन लावलं. केसरबाई पायरीखाली उभी होती, वर नाही आली, आणि म्हणाली, बाईसाहेब, मधूला चार दिवस झाले कारखान्याच्या गेस्टहाउसवर नेऊन ठेवलाय, त्याच्या पोरीलापण नेलंय, तो सोमवारी पालटणार आहे, तुम्ही साहेबांच्या कानावर घाला, तुम्ही बाईमाणूस आहात. एवढंच. रडली नाही, पाया पडली नाही. तुम्ही बाईमाणूस आहात. आणि मी दार लावलं आणि आतून कडी घातली. नियम होता, होय. पण नियम मोडायला काय लागतं? एक वाक्य. तो हात वर झाला असता, तरी त्या हाताच्या वरून एक वाक्य फेकता आलं असतं. मला ते फेकायचंच नव्हतं. मला — तू समज, मी सत्तेचाळीस वर्षांची होते, आठ घरं लावली होती आणि मोडली होती, माझी शाळा गेली होती, माझी माणसं गेली होती, आणि त्या सगळ्याचं एकच मोल मला मिळणार होतं, की हे वर जातील. आणि मला वाटलं, मधू पालटला तर बरंच. पुरावाच नसला तर ह्यांना निवडायलाच लागणार नाही. निर्दोष सोडतील, वरचे खूश होतील, कुणी जात काढणार नाही. दार लावताना मला हे सगळं लख्ख दिसत होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन मी शेंगदाणे भाजायला घेतले होते ते भाजले. जळले नाहीत.

आता कळलं का, हसू का आलं? पण पूर्ण होऊ दे, थांब. जानेवारीत मला आधी ताप आला, मग चौथ्या दिवशी त्यांना. माझा उतरला, त्यांचा चढला. डॉक्टरांनी अॅम्ब्युलन्स बोलावली, ते चालत गेले तीत, वरची गुंडी लावून. मी पॉझिटिव्ह, धम्मपाल पॉझिटिव्ह, दवाखान्यात जायची कुणालाच मुभा नाही. दुपारी तीनला तिथली नर्स टॅब्लेट धरायची त्यांच्यासमोर, चांगली होती पोरगी, हातमोज्यांनी त्यांचा चष्मा सरळ करायची. पहिले दोन दिवस मैत्रेयीशी बोलले, ती आपल्या बोबड्या भाषेत काहीतरी बडबडायची आणि हे हो हो म्हणायचे. तिसऱ्या दिवशी श्वास लागला होता, नळी होती नाकाला, आणि मला म्हणाले, सुमती, काळजी करू नकोस, मला काही भीती नाही, माझ्या मनावर कशाचं ओझं नाही. चार वेळा थांबून हे एवढं वाक्य. आणि मी — धम्मपाल औषध आणायला खाली गेला होता — मी सांगितलं. केसरबाई आली होती. मधूला ठेवलं होतं. मला आधी ठाऊक होतं. सगळं सांगितलं, स्पष्ट, शाळेत सांगतात तसं. 

का सांगितलं? लोक म्हणतील, बाईला पश्चात्ताप झाला, मरणाच्या दारात नवऱ्यापाशी मन मोकळं केलं. तू पण तसंच समजायला निघालीस, डोळे भरून आलेत तुझे. पुस ते. मला पश्चात्ताप वगैरे काही नव्हता झाला. मला त्यांची ती शांत झोप सहन होत नव्हती. बावीस वर्षं मी ते एकटीनं वागवलं, कुणासाठी, ह्यांच्यासाठी, आणि हे निर्मळ! हे जाणार स्वच्छ हातांनी आणि मी इथं उरणार. अर्धं तुम्ही घ्या, म्हटलं. घ्या की. — त्यांनी हात वर केला नाही. मी वाट बघत होते त्या हाताची. नुसते बघत राहिले, आणि मग ओठ हलले, आवाज नाही, पुन्हा हलले. नर्स जवळ वाकली. म्हणाले, थ्री इलेव्हन. थ्री इलेव्हन. तिला वाटलं खोलीचा नंबर विचारतायत, ती गोड हसून म्हणाली, नो सर, यू आर इन टू झीरो फोर. धम्मपाल वर आला, त्यानं विचारलं, बाबा काय म्हणाले गं? मी म्हटलं, खोलीचा नंबर. ते मी नंतर शोधून काढलं, त्याच्याच लॅपटॉपवर. कलम तीनशे अकरा. न्यायाधीशाला वाटलं, तर निकालाआधी कुठल्याही टप्प्यावर कुठलाही साक्षीदार परत बोलावता येतो. स्वतःच्या अधिकारात. कुणाला विचारायला नको. म्हणजे करता आलं असतं. नियमात राहून, कायद्यात राहून, करता आलं असतं. मला वाटत होतं मी त्यांना एका निवडीतून सोडवलं — आणि तो रस्ता तिथंच होता, पुस्तकात, त्यांच्या टेबलावर. 

दुसऱ्या दिवशी तीनला नर्सनं टॅब्लेट लावला तेव्हा त्यांनी मान भिंतीकडं केली. तिसऱ्या दिवशीही. धम्मपालला वाटलं, थकलेत. शुक्रवारी पहाटे फोन आला. अंत्यविधीला इथल्या नियमात पन्नास माणसं चालतात. आम्ही सहा होतो, आणि तेही काचेच्या पलीकडं. भन्तेजींनी नागपूरहून फोनवर त्रिशरण म्हटलं, मध्येच नेट गेलं, तर संघं शरणं पुढं कुणीच म्हटलं नाही, सगळे त्या पडद्याकडं बघत बसले.

तर लिही तू, न्यायनिष्ठ. त्यात खोटं काही नाही, तो माणूस होता तसा. अर्धं आयुष्य झिजवलं त्यासाठी. माझं नाव घालू नकोस, पत्नी म्हण, पत्नी आणि एक मुलगा असा परिवार आहे —

काय म्हणालीस?

केसरबाई कुठं असते? मला काय ठाऊक! मला कशाला ठाऊक असणार? अपील झालं होतं, ते वर पडून राहिलं, तेवढं माहितेय. ती असेल. नसेलही. बावीस वर्षांत मी कुणाला — कुणाला विचारायचं? शिरीषला विचारायचं? आणि विचारून काय, तिला सांगायचं काय मी, पोस्टकार्ड टाकायचं? अगं, तिला मधूचं ठाऊकच होतं की, तिनंच तर मला सांगितलं. तिला माझ्याकडून कळण्यासारखं काय आहे? एवढंच ना, की दार लावणारीला सगळं ऐकू आलं होतं. ते तिला ठाऊक असणार. ती समोर होती. मी तिच्या तोंडाकडं बघत दार लावलं.

चारची गाडी आहे ना तुझी? मग ऊठ. कप राहू दे. बूट तिकडं, पायरीशी. स्टेशन डावीकडं, शाळा ओलांडून सरळ. नाही, मला आणखी काही सांगायचं नाही, आणि तू पुन्हा येऊ नकोस, एका पाहुण्याचा नियम आहे. मास्क लाव नीट, नाकावरून. जा.